पऱ्हाटीचा मालक कोण?

विदर्भात उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा आटोपला, की शेतात उभी राहते ती नुसती पऱ्हाटी. कास्तकाराला पुढच्या हंगामासाठी शेत मोकळे हवे असते आणि वस्तीतल्या बाईला चुलीसाठी सरपण हवे असते. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या एक सौदा चालत आला आहे. तू शेत साफ करून दे, पऱ्हाटी घेऊन जा! त्याला कागद नाही, सही नाही, पैसा नाही. बाईने दोन-चार दिवस उन्हात राबायचे, हाताला फोड आणायचे आणि भारे डोक्यावर वाहून वस्तीत आणून रचायचे. आमच्या आईने हेच केले. त्या पऱ्हाटीवर शिजलेली भाकर खाऊनच आम्ही कायद्याच्या पदवीपर्यंत पोहोचलो. तेव्हा आज पऱ्हाटीवर लिहितो आहोत ते काही परक्याच्या विषयावर लिहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आमच्याकडे आली. तिच्या गावातील एका शेतमालकाने यंदा आपली पऱ्हाटी व्यापाऱ्याला दिली होती. व्यापाऱ्याने यंत्र आणले, पऱ्हाटीचे तुकडे केले आणि ट्रक भरून नेला. धुऱ्याकडेला जे काही शिल्लक होते ते ही बाई सवयीप्रमाणे उपटायला गेली. भारा बांधून निघाली तर तिला रस्त्यात अडवले, भारा खाली टाकायला लावला आणि चारचौघांत चोर म्हटले. प्रकरण पोलिसांत गेले नाही, गावातच मिटले. पण ती आमच्यासमोर बसून विचारत होती, "वकीलदादा, माह्या सासूनं त्याच शेतातली पऱ्हाटी आणली, म्या वीस वर्सं आणली. मंग हे चोरी कवापासून झाली?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला त्या दिवशी देऊ शकलो नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो. कारण हा प्रश्न एका बाईचा किंवा एका भाऱ्याचा नाही. देशात येऊ घातलेल्या एका मोठ्या उद्योगाचा हा पहिला प्रश्न आहे, आणि तो अजून कोणी विचारत नाही.

पऱ्हाटीला भाव आला आहे, तो का आला हे आधी समजून घेतले पाहिजे. शेतातून धान्य, कापूस, ऊस निघून गेल्यावर जे मागे उरते त्याला सरकारी भाषेत ‘कृषी अवशेष’ म्हणतात. पऱ्हाटी, तुराटी, धसकटे, सोयाबीनचे कुटार, भंडारा-गोंदियाची तणस, उसाचे पाचट हे सगळे त्यात आले. यापासून आता इंधन तयार होते. ते दाबून त्याच्या कांड्या करतात, त्याला लोक पांढरा कोळसा म्हणतात. तो कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशाबरोबर अशा जैविक कांड्या जाळाव्यात, असे धोरण केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढले. हेच अवशेष कुजवून वायू काढता येतो. त्यासाठी १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ नावाची योजना सुरू झाली आणि २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प उभारण्याचे लक्ष्य ठेवले गेले. मुदत संपली तेव्हा लक्ष्य फार दूर होते ही गोष्ट वेगळी, पण दिशा ठरली आहे.

यातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा मार्ग म्हणजे अवशेषांपासून इथेनॉल. ऊस, मका, तांदूळ यांच्यापासून इथेनॉल करणे सोपे आहे, कारण त्यांच्यातील साखर यीस्टला सहज मिळते आणि पिष्टाची साखरही सहज करता येते. काडीचे तसे नाही. काडीतही साखर असते, परंतु ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या साखळ्यांत अडकलेली असते आणि त्यांच्याभोवती लिग्निनची चिवट भिंत असते. आधी वाफेने किंवा आम्लाने ती भिंत फोडावी लागते. मग विकरे, म्हणजे एन्झाइम, घालून साखळ्या तोडाव्या लागतात. त्यानंतर कोठे यीस्टचे काम सुरू होते. ही विकरे देणाऱ्या एका प्रसिद्ध बुरशीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापड कुजून जात होते. ते खाणारी बुरशी शास्त्रज्ञांनी वेगळी काढली. तिचे नाव ट्रायकोडर्मा रीसाय. सैन्याचे नुकसान करणारी तीच बुरशी आज या उद्योगाची कामकरी आहे.

या विद्येत महाराष्ट्र मागे नाही. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या तंत्रावर उत्तराखंडातील काशीपूर येथे रोज दहा टन अवशेष हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे. नऊशे कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाने वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घ्यावा आणि सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावे, असा हिशेब मांडला गेला. म्हणजे एक टन पेंढ्यामागे दीडशे लिटर. आसामात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. या प्रगत इंधनांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘जी-वन’ योजना आणली आणि तिच्यासाठी १,९६९.५० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली.

आम्ही या उद्योगाच्या विरोधात आहोत काय? मुळीच नाही! आमची भूमिका स्पष्ट आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले गेले. परंतु ते गाठले ते मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ वापरून. अन्न महामंडळाच्या गोदामातील तांदूळसुद्धा इथेनॉलच्या कारखान्यांना दिला गेला. ज्या देशात रेशनच्या रांगेत आमची माणसे उभी आहेत त्या देशात धान्य टाकीत ओतण्यापेक्षा काडी टाकीत गेलेली केव्हाही बरी. शेतात काडी पेटवून देण्यापेक्षाही ती बरी. तेव्हा काडीपासून इंधन हा रस्ता विज्ञानाच्या आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य रस्ता आहे.

शिवाय यंत्राला आणि ऊर्जेला घाबरणे ही आमची परंपरा नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते, आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्याच खात्यात येत. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्याशी जोडला होता. शेतीवरचा भार उद्योगीकरणाने हलका होईल आणि उद्योगीकरण विजेशिवाय होणार नाही, हा त्यांचा विचार होता. पण लक्षात घ्या, त्याच वेळी त्यांनी आणखी एक प्रश्न समितीपुढे ठेवला : ही वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या मालकीची? वीज तयार होण्याआधीच बाबासाहेब मालकी विचारत होते! आज इंधनाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे आणि आम्ही गप्प आहोत.

आता ‘अवशेष’, ‘कचरा’, ‘टाकाऊ’ या शब्दांकडे या. कोणत्या वस्तूला कचरा म्हणायचे हे ठरवतो कोण? ज्याला ती लागत नाही तो ठरवतो. जिला ती लागते तिला कोणी विचारत नाही. पऱ्हाटी हा शेतमालकाच्या दृष्टीने कचरा असेल, वस्तीतल्या बाईसाठी ते इंधन आहे, कुडाच्या भिंतीचे सामान आहे, परसाचे कुंपण आहे. तणस हा कचरा असेल, पण ज्याच्याकडे एक म्हैस आहे आणि जमीन नाही त्याचा तो चारा आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कोयत्याला विचारा. ऊस तोडल्यावर शेंड्याचे जे वाढे उरते ते त्याच्या बैलांना पुरते आणि उरलेले विकून तो रोजचे मीठ-मिरची भागवतो. त्याने तोडलेल्या उसाच्या चिपाडातून साखर कारखाना वीज तयार करून विकतो, मळीतून इथेनॉल तयार करून विकतो. तोडणाऱ्याच्या वाट्याला वाढे! उद्या पाचट आणि वाढे यांनाही कारखान्याने भाव लावला तर त्याच्याकडे काय उरेल?

‘टाकाऊ’ शब्दाचा असा उपयोग आम्ही एकदा पाहिला आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफापासून, म्हणजे मोगली एरंडापासून, डिझेल तयार करण्याचा आराखडा मांडला. ही झाडे ‘पडीक’ जमिनीवर लावायची होती. पण पडीक म्हणजे कोणाची जमीन? कागदावर ती ओसाड होती. प्रत्यक्षात तेथे कोणाच्या शेळ्या चरत होत्या, कोणी सरपण वेचत होते, कोणी गायरानाचा तुकडा कसून पोट भरत होते. महाराष्ट्रात याच गायरानासाठी आणि पडीक जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोकांनी तुरुंग भरले. तीच जमीन योजनाकारांना चाळीस वर्षांनी ‘पडीक’ दिसली. पुढे झाडाने अपेक्षेइतके बी दिले नाही म्हणून जट्रोफाचे स्वप्न विरले. गरिबांना न्याय मिळाला म्हणून नव्हे, तर झाड नापास झाले म्हणून आमचे लोक वाचले! काडीचे तसे होईल या भरवशावर बसता येणार नाही, कारण काडीचे तंत्र दिवसेंदिवस सुधारते आहे.

पंजाबकडे पाहा. भाताचा पेंढा जाळण्यावरून दिल्लीच्या धुराची चर्चा दर हिवाळ्यात होते, तो हा प्रदेश. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे अनुसूचित जातींची लोकसंख्या ३१.९ टक्के आहे, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पण जमीन त्यांच्या हाती नाममात्र. गावाच्या सामाईक जमिनीचा एक तृतीयांश भाग भाडेपट्ट्याने अनुसूचित जातींना देण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे आणि ती अमलात यावी म्हणून संगरूर जिल्ह्यात २०१४ पासून दलित शेतमजूर संघटित लढत आहेत. तो लढा मोठ्या प्रमाणावर चाऱ्याचा आहे. जनावराला गवत आणायला दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या बाईला जो अपमान सोसावा लागतो त्यातून तो उभा राहिला. आणि त्याच संगरूर जिल्ह्यात लेहरागागा येथे पेंढ्यापासून वायू तयार करणारा मोठा प्रकल्प ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. एकाच जिल्ह्यात दोन चित्रे : एकीकडे पेंढा विकत घेणारा कारखाना, दुसरीकडे गवताच्या भाऱ्यासाठी झगडणारी बाई. या दोन चित्रांना जोडणारे धोरण मात्र कोठे आहे?

आता कायद्याकडे वळू, कारण ती बाई कायद्याचाच प्रश्न घेऊन आली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे कलम आता ३०३ आहे, व्याख्या मात्र जुनीच. जमिनीला चिकटलेली वस्तू, चिकटलेली असेपर्यंत, चोरीचा विषय होत नाही. ती जमिनीपासून सुटली की होते, आणि उपटून नेणे ही एकच कृतीसुद्धा चोरी ठरू शकते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि किंमत परत केली असेल, तर नव्या कायद्यात सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. म्हणजे कायद्याने पाहिले तर त्या बाईने वीस वर्षे जे काम फुकट केले, ते शेत साफ करण्याचे काम, तिला एखाद्या दिवशी शिक्षा म्हणून करावे लागेल!

परंतु चोरीत एक अट असते. वस्तू मालकाच्या संमतीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने नेलेली असली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सौद्याने संमती दिलेली होती. ती संमती मालकाने मागे घेतली एवढेच झाले. तेव्हा बाईच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे : पऱ्हाटीला भाव आला त्या दिवसापासून ही चोरी झाली. जोवर भाव नव्हता तोवर मालकी आठवत नव्हती.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये कापणीनंतर शेतात पडलेली कणसे गोरगरिबांनी वेचण्याची, म्हणजे आपल्या भाषेत सरवा वेचण्याची, रीत होती. सफोक परगण्यातील एका बाईवर जमीनदाराने त्यासाठी दावा लावला आणि १७८८ मध्ये ‘स्टील विरुद्ध हॉटन’ या खटल्यात न्यायाधीशांनी बहुमताने निकाल दिला की, सरवा वेचण्याचा असा कोणताही सर्वसामान्य हक्क कायद्यात नाही. रीत कितीही जुनी असली तरी जमीनमालकाच्या मालकीपुढे ती टिकली नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हा निकाल आम्हा वकिलांना एकच गोष्ट शिकवतो. जी गोष्ट रिवाजावर उभी आहे ती बाजाराच्या पहिल्या वाऱ्यात कोसळते.

येथे काही मित्र म्हणतील, मग रिवाजच कायद्यात लिहून घेऊ, भूमिहीनांना पऱ्हाटी फुकट नेण्याचा हक्क मागू. आम्हाला ते मान्य नाही. उरलेसुरले उचलण्याचा हक्क ही मागणी आमच्या चळवळीची असूच शकत नाही. गावाने टाकलेले उचलावे, मेलेले ढोर ओढावे, भाकरीसाठी दारोदार फिरावे, यालाच तर कधीकाळी महारांचे ‘हक्क’ म्हणत होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच फसव्या हक्कांची साखळी तोडण्यासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. बलुते म्हणजे मजुरी नव्हती, मेहरबानी होती. मेहरबानी देणारा ती केव्हाही थांबवू शकतो. म्हणून पऱ्हाटी ही दया म्हणून नको. तिच्यामागे केलेल्या श्रमाचे नाव मजुरी आहे, ते नाव त्या श्रमाला मिळाले पाहिजे.

आणि आम्हाला चूलही टिकवायची नाही. पऱ्हाटीचा धूर आमच्या आयांच्या डोळ्यांत आणि छातीत गेला आहे. त्याची गोडी कोणी गाऊ नये. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, शेगड्या घराघरांत आल्या. पण टाकी भरून आणायला पैसे नसले की शेगडी कोपऱ्यात आणि चूल पुन्हा पेटलेली, हे कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे. आमच्या बाईने गॅसवर स्वयंपाक करावा आणि पऱ्हाटी कारखान्यात जावी, हेच आम्हाला हवे आहे. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी पऱ्हाटी काढून घेतली आणि टाकी भरण्याची ऐपत दिली नाही, तर तिने चुलीत काय घालायचे?

आमचे भांडण कास्तकाराशी नाही, हेही स्पष्ट सांगतो. चार-पाच एकर कोरडवाहू कापूस पिकवणारा माणूस, ज्याच्या शेतात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी शिरली आणि हंगाम खाऊन गेली, त्याला पऱ्हाटीचे चार पैसे मिळाले तर आम्हाला आनंदच आहे. त्यात आपलेही लोक आहेत, ज्यांना बापजाद्यांनी घाम गाळून दोन-तीन एकर जमीन केली. पऱ्हाटी शेतात राहिली तर बोंडअळीला आश्रय मिळतो, म्हणून ती वेळेवर निघाली पाहिजे हेही खरे. सगळेच अवशेष नेले तर जमिनीला परत काही मिळत नाही, तिचा कस जातो, म्हणून किती न्यायचे याला मर्यादा हवी हेही खरे. प्रश्न कास्तकार विरुद्ध मजूर असा लावून देणे हे दलालाच्या सोयीचे आहे. शेतमालकाला थोडे, मजुराला काहीच नाही आणि मधल्या माणसाला पुष्कळ, हे गणित आम्ही कापसाच्या बाजारात आयुष्यभर पाहिले आहे.

मग करायचे काय? नुसते रडगाणे गाऊन उपयोग नाही. जंगलात असाच प्रश्न होता. बांबूवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या आदिवासींना बांबू तोडला म्हणून चोर ठरवले जात होते. २००६ चा वनहक्क कायदा आला, गडचिरोलीतील लेखा-मेंढा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. कालचा ‘चोर’ आज विक्रेता झाला! बांबू तोच, माणसे तीच, बदलला तो कायदा. पण शेत म्हणजे जंगल नव्हे. तेथे जमिनीचा मालक दुसरा आहे. म्हणून शेतात मालकीचा हक्क मागता येणार नाही, पण गोळा करण्याच्या, बांधण्याच्या आणि पुरवण्याच्या उद्योगाची मालकी मागता येईल. कारखाना पऱ्हाटीच्या काडीवर चालत नाही, तो गोळा केलेल्या पऱ्हाटीवर चालतो. हलकी, पसरलेली, वर्षातून काही आठवडेच मिळणारी ही वस्तू वेळेवर जमवून देणे हेच या धंद्यातले सर्वांत कठीण काम आहे, आणि ते काम आमच्या लोकांना येते.

यासाठी कायद्यात दार आहे, ते कोणी आमच्या लोकांना दाखवलेले नाही. शेतकरी उत्पादक कंपनी म्हटले की सातबारा पुढे करायला सांगतात. ज्याचा सातबारा नाही तो सभासद नाही, अशी समजूत गावोगाव पसरली आहे. आम्हाला एका बैठकीत हेच ऐकवले गेले. परंतु कंपनी कायद्यातील व्याख्या वाचा! ‘उत्पादक’ म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणत्याही कामात गुंतलेली व्यक्ती. आणि प्राथमिक उत्पादनात उपपदार्थांचाही समावेश आहे. या व्याख्येत जमिनीच्या मालकीची अट नाही. पऱ्हाटी गोळा करणारी भूमिहीन बाई या व्याख्येत बसते असे आमचे मत आहे. दहा उत्पादक व्यक्ती एकत्र आल्या तर अशी कंपनी उभी राहू शकते. २००२ पासून ही तरतूद कायद्यात आहे. इतक्या वर्षांत आपल्या किती वस्त्यांनी तिचा उपयोग केला? हा प्रश्न सरकारला नाही, आम्हा कार्यकर्त्यांना आहे. जयंत्यांच्या वर्गणीचा हिशेब आम्हाला पाठ असतो आणि कंपनी कायद्याचे एक कलम आम्हाला ठाऊक नसते!

सरकारकडे आमच्या मागण्या आहेत आणि त्या नेमक्या आहेत. पहिली, ज्या प्रकल्पाला ‘जी-वन’सारख्या योजनेतून जनतेचा पैसा मिळतो, त्याने आपल्या कच्च्या मालाचा ठरावीक हिस्सा भूमिहीन मजुरांच्या कंपन्यांकडून, सहकारी संस्थांकडून किंवा बचत गटांकडून घेतलाच पाहिजे. आज या योजनेच्या बोलीत शेतकऱ्याचा मोबदला आहे, रोजगार आहे, परंतु भूमिहीनाची भागीदारी नाही. रोजगार म्हणजे मालकी नव्हे. दुसरी, अवशेष उपटणे, गोळा करणे, गठ्ठे बांधणे या कामाला किमान वेतन ठरवून ते रोखीने आणि लेखी मिळावे. ‘साफ कर आणि घेऊन जा’ हा वेठीचा सौदा कायमचा बंद व्हावा. तिसरी, राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आहे. त्या ट्रॅक्टरला जोडायचे पऱ्हाटी तोडण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे यंत्रही तिच्यात द्यावे. चौथी, ज्या गावातून अवशेष उचलले जातात त्या गावातील भूमिहीन घरांना टाकी भरून देण्याची जबाबदारी प्रकल्पाच्या खर्चातच धरावी. आणि पाचवी, गायरानावर असा कोणताही प्रकल्प, साठवणुकीचे आवार किंवा इंधनाची लागवड करण्यापूर्वी तेथे कसणाऱ्या भूमिहीनांच्या हक्कांचा निकाल आधी लावावा.

या मागण्या जास्त आहेत काय? २०११ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांमध्ये स्वतःची शेती कसणाऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या दुपटीहून अधिक होती. म्हणजे या देशाच्या शेतात जे काही उगवते त्यात आमच्या लोकांचा घाम आहे, पण सातबाऱ्यावर आमची नावे नाहीत. जमीन वाटली गेली तेव्हा आम्ही बाहेर होतो. साखर कारखाने उभे राहिले तेव्हा आम्ही ऊस तोडत होतो, भागभांडवल दुसऱ्यांचे होते. सूतगिरण्या आल्या तेव्हा आम्ही कापूस वेचत होतो. आता त्याच शेतातून एक नवा उद्योग निघतो आहे. त्याचे भागभांडवल अजून पुरते वाटले गेलेले नाही, करार अजून व्हायचे आहेत, दर अजून ठरायचे आहेत. या वेळी उशीर झाला तर पुढची पन्नास वर्षे आम्ही पुन्हा वाढे विकत बसू.

बंधू-भगिनींनो, येत्या उलंगवाडीला आपल्या वस्तीत एवढे करा. कोणाच्या शेतातून किती पऱ्हाटी निघते, ती कोण नेतो, कोणत्या भावाने नेतो, शेत साफ करायला कोणाचे किती दिवस गेले, याची एका वहीत नोंद ठेवा. दहा बायकांची नावे एकत्र लिहा. आमच्यासारखे वकील प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना गाठा आणि कागद तयार करून घ्या. व्यापारी ट्रक घेऊन येईल तेव्हा त्याच्याशी भाऱ्याची बोली करू नका, टनाची बोली करा.

त्या बाईला आम्ही निरोप पाठवला आहे. तिने आणि तिच्या शेजारणींनी मिळून सात नावे गोळा केली आहेत. तीन कमी आहेत. उन्हाळ्यापूर्वी ती मिळतील आणि पुढच्या वर्षी ती त्याच रस्त्याने भारा घेऊन नव्हे, पावतीपुस्तक घेऊन जाईल, अशी आम्हाला आशा आहे. मग तिला चोर म्हणण्याची कोणाची हिंमत होते ते आम्ही पाहू.

जय भीम!